विषयाच्या ओळीत कढीपत्ता

बाळकुमला एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आमचं ऑफिस होतं. बियाणी, गांडूळखत, कुंड्या असं गॅलरीत बाग करणाऱ्यांना लागणारं सामान आम्ही ऑनलाइन विकायचो. आम्ही म्हणजे मॅडम, पॅकिंग करणाऱ्या दोन मावशी आणि मी. मला घेतलेलं ऑर्डरी टाइप करायला. पण ग्राहकांना दर मंगळवारी मेल पाठवणारी मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि मॅडम म्हणाल्या, "तुझं मराठी बरं आहे. आता मेल तू लिही."

मी इतकी खूश झाले, की विठ्ठलवाडीला घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात चार मेल लिहून झालेले.

पहिल्या मंगळवारी विषयाच्या ओळीत लिहिलं, "महाधमाका ऑफर!!! शेवटची संधी!!!" पाठवलं आणि स्क्रीनसमोर बसले. किती जणांनी मेल उघडला ते तिथे दिसायचं. आकडा जेमतेम हलला. आत मी जास्वंदीवर किती प्रेमाने लिहिलेलं! पण ते वाचायला आत कुणी आलंच नाही. लोकांनी फोनवर ती एक ओळ पाहिली आणि अंगठ्याने वर ढकलून दिली. पुढच्या तिन्ही मंगळवारी तेच झालं. शेवटची संधी मी चारदा दिली, तरी कुणाला पाहिजे नव्हती.

मग मला एक युक्ती सुचली. विषय लिहिला, "तुमच्या ऑर्डरबद्दल महत्त्वाचं". कुणाचीही कसलीच ऑर्डर नव्हती. आत नुसती खताची जाहिरात.

आणि आकडा पळत सुटला! मी खुर्चीतून उठून ओरडले, "मॅडम, बघा, बघा!" मॅडम धावत आल्या. मावशी हातातली चिकटपट्टी तशीच घेऊन आल्या. आम्ही चौघी स्क्रीनवर वाकलो. मॅडमनी कोपऱ्यावरून गरम समोसे मागवले. दुसरा समोसा हातात होता तेव्हा ऑफिसचा फोन वाजला.

पलीकडे डोंबिवलीच्या एक बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या.

"अगं, मी कसलीच ऑर्डर दिलेली नाही. माझ्या नावावर कुणी काही मागवलंय का? मी बँकेत जाऊ का?"

त्यांचा आवाज थरथरत होता. मी समोसा खाली ठेवला. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण मला ते जमेना.

"नाही हो बाई. तुमच्या नावावर काहीच नाहीये. तुम्ही मेल उघडावा म्हणून मीच तसं लिहिलं. चुकलं माझं."

त्या वर्गात बोलल्यासारख्या सावकाश म्हणाल्या, "आज उघडला. पुढच्या वेळी उघडेन का मी?"

तोपर्यंत स्क्रीनवर दुसरा आकडाही वाढायला लागलेला. 'आम्हाला मेल पाठवू नका' म्हणणाऱ्यांचा. मी घाईघाईने विचारलं, "मग बाई, काय लिहिलं तर उघडाल?"

"माझा कढीपत्ता पिवळा पडलाय," त्या लगेच म्हणाल्या. "त्याचं काही सांगशील तर चहा गॅसवर ठेवून उघडेन."

फोन ठेवला आणि मला बसवेना! ही बाई मला आयती ओळ देऊन गेलेली. मी आधी सगळ्यांना माफीचा छोटा मेल पाठवला. मग पुढच्या मंगळवारची ओळ लिहिली, "कढीपत्ता पिवळा पडलाय? पाणी कमी करा, ताक घाला".

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं वेडे, उत्तर बाहेरच सांगितलंस तर आत कोण येईल? 'कढीपत्त्यासाठी एक गुपित उपाय' असं लिही."

"दोन्ही पाठवूया?" मी म्हटलं. "थोड्यांना तुमची ओळ, थोड्यांना माझी. जी जिंकेल ती बाकी सगळ्यांना."

मंगळवारी सकाळी दोन्ही ओळी सोडल्या. मॅडमचं गुपित आधी पुढे गेलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी नखं खात होते. मग माझी ओळ हळूहळू जवळ आली, बरोबरीला आली आणि पुढे निघून गेली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाल्या, "पाठव तुझीच. सगळ्यांना."

खरी मजा दुपारनंतर झाली. लोकांची उत्तरं यायला लागली! आजवर आमच्या मेलला कुणी उत्तर दिलं नव्हतं. किती ताक? किती दिवसांनी? कुणी कळव्याच्या गॅलरीतून पिवळ्या पानांचा फोटो पाठवला, कुणी कल्याणहून फुटक्या बादलीत लावलेल्या कढीपत्त्याचा. एका आजोबांनी लिहिलं की त्यांच्या घरात ताक उरतच नाही, दही चालेल का? मी एकेकाला उत्तर देत बसले. जेवणाचा डबा उघडायचाही राहिला.

तेवढ्यात माझ्यामागून फोटो बघणारी, पॅकिंगमधली कळव्याची मावशी म्हणाली, "माझ्या मिरचीला नुसती फुलं येतात नि गळतात गं. मिरची काय धरत नाय."

मी गर्रकन वळले. "मावशी, परत बोला. अगदी असंच."

ती गोंधळून परत बोलली. मी तिचे शब्द पुढच्या मंगळवारच्या विषयाच्या ओळीत जसेच्या तसे टाइप केले आणि मॅडमना दाखवले. मॅडमनी एक अक्षरही बदललं नाही.

मावशीने लगेच पदराला हात पुसले, फोन काढला आणि ती गल्लीतल्या शेजारणींना एकेक करून सांगायला लागली, "मंगळवारी मेल बघा गं. मी लिवलाय."