हाताने चालणारी गाडी

“माझं काय, झालं आता. पोरीसाठी काढतोय.”

पप्पा हे मला सांगत नव्हते, गॅरेजवाल्याला सांगत होते. तो आमच्या गाडीत अर्धा आडवा होऊन, डोकं स्टिअरिंगखाली घालून पडला होता, म्हणून पप्पांना आवाज जरा चढवावा लागला. मी पत्र्याच्या शेडबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मोबाईल घेऊन बसले होते. मोबाईलमध्ये मी काही बघत नव्हते. पण मोबाईल हातात असला की लोक बोलायला येत नाहीत.

“नक्की ना, भाऊ?” आतून गॅरेजवाल्याने विचारलं. “एकदा काढला की परत असा बसायचा नाही. हे सामान आता मिळत नाही.”

“काढ रे,” पप्पांच्या ऐवजी काकाच म्हणाले. काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. गॅरेज त्यांच्या ओळखीचं होतं. सातपूरला गाडी आणायचं त्यांनीच ठरवलं होतं.

जो काढायचा होता तो एक दांडा. पप्पांच्या उजव्या पायात लहानपणापासून पोलिओ आहे. तो पाय जमिनीवर टेकतो, पण दाब देत नाही. आमची गाडी बाहेरून बघितली तर अगदी साधी. एके काळी नाशिकच्या कुठल्याही कॉलनीत गेलं की चार घरं सोडून एक अशी पांढरी, छोटी गाडी उभी दिसायचीच. पण कंपनीने त्याच गाडीची एक वेगळी आवृत्ती काढली होती, ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी. ती शोरूममध्ये उभी नसायची. डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन मागवायची आणि वाट बघत बसायचं. पप्पांनी अशी वाट बघितली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता.

आमच्या गाडीत स्टिअरिंगखाली उजव्या हाताला एक लोखंडी दांडा आहे. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो, मागे ओढला की वेग वाढतो. गिअरच्या मुठीवर एक बटण आहे, ते दाबलं की क्लच आपोआप दबतो. डाव्या हाताने स्टिअरिंग फिरवता यावं म्हणून त्यावर एक गोल मूठ बसवलेली आहे. खालची पेडलं मात्र सगळ्या गाड्यांसारखीच आहेत, सळ्यांनी त्या दांड्याला जोडलेली. त्यामुळे पप्पा दांडा ओढायचे तेव्हा पेडल आपलं आपण खाली जायचं. लहानपणी मी शेजारच्या सीटवरून वाकून तेच बघत राहायचे. तिथे कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याचे पाय फक्त आपल्याला दिसत नाहीत, असं मला वाटायचं.

मखमलाबादकडे आमची थोडी शेती आहे, गुलाब आणि झेंडूची. शेत काका बघतात. पप्पांना वाफ्यांतून चालता येत नाही, म्हणून फुलं बाजारात नेणं त्यांच्याकडे आहे. घरात हे कधी कुणी ठरवून वाटून दिलं नाही, पण आहे तसंच. उजाडायच्या आधी मागच्या सीटवर झेंडूच्या गोण्या आणि पुढे मांडीवर गुलाबाच्या गड्ड्या, असे आम्ही फुलबाजारात जायचो. तिथून पप्पा मला गंगापूर रोडवरच्या माझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत सोडायचे. माझ्या युनिफॉर्मला वर्षभर झेंडूचा वास असायचा.

शाळेत मी इंग्रजीत कमी बोलायचे आणि घरी मराठीत त्याहून कमी. गाडीबद्दल वर्गातल्या मुली विचारायच्या. काच खाली केलेली असली की आत डोकावायच्या. मी काही सांगायचे नाही. आवडती गोष्ट मी कुणाला सांगत नाही, हा माझा स्वभावच आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो लपवण्यासारखा दिसत असणार, हे मला खूप उशिरा कळलं. पप्पा बाहेरून बघणाऱ्यांतलेच होते.

दोन-तीन वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर एक चष्मेवाले गृहस्थ आमच्या गाडीभोवती फिरायला लागले. पप्पांना वाटलं, मागचं चाक बसलं असेल. ते म्हणाले, “फोटो काढला तर चालेल का? असल्या फार कमी राहिल्यात.” नेहमीच्या गाड्यांच्या वेगळ्या आवृत्त्या शोधत फिरायचा त्यांना नाद होता. कुठे कापडी टपाची निघालेली, कुठे परदेशी पाठवायला डावीकडे स्टिअरिंग असलेली, कुठे मागे खिडक्याच नसलेली. मोबाईलमधले फोटो ते पप्पांना एकेक दाखवत होते. “बाहेरून सगळ्या सारख्याच हो, म्हणून कुणी बघत नाही. भंगारात जातात. नाहीतर मालक स्वतःच बदलून साधी करून घेतात.”

पप्पांनी त्यांना दांडा कसा चालतो ते दोनदा करून दाखवलं. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच आईला म्हणाले, “अगं, आपल्या गाडीचा फोटो काढून नेला एकाने.”

“का? ठोकली कुठे?” आई म्हणाली.

गाडी मी पप्पांकडूनच शिकले, मेरी कॉलनीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर. त्यांना पायाने चालवता येत नव्हती, मग शिकवणार कशी? त्यांनी त्यांना येत होती तशी शिकवली. पुढे ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन मी पायांनी चालवायलाही शिकले, लायसन्स मिळालं, आणि घरी येऊन परत दांडा धरला. गेल्या वर्षी पप्पांचा खांदा दुखायला लागल्यापासून पुष्कळदा मीच फुलं घेऊन जाते. हाताने चालवताना गाडी फार हळू थांबवता येते. गुलाब हलत नाहीत.

मग चांदवडचं लग्न आलं. आत्याच्या मुलाची हळद होती. अंगणात मांडवाचा टेम्पो शिरायचा होता आणि मध्ये काकांची नवी गाडी उभी. काकांच्या तोंडाला, कपड्यांना सगळी हळद. त्यांनी लांबूनच किल्ली माझ्याकडे टाकली. “जरा मागं घे गं.”

मी घेतली. सुरुवातीला सगळं नीट झालं, पायांना सगळं आठवत होतं. मग आरशात कांदे साठवायच्या चाळीचा कूड एकदम मोठा दिसला आणि मी घाबरले. घाबरल्यावर शरीर जे सगळ्यात आधी शिकलेलं असतं तेच करतं. माझा उजवा हात स्टिअरिंगखाली गेला आणि त्याने जोरात पुढे ढकललं. तिथे काही नव्हतं. मी रिकामी हवा ढकलत राहिले आणि गाडी चाळीत घुसली.

कुणाला लागलं नाही. चाळीच्या बांबूच्या तट्ट्या मोडल्या, कांदे अंगणभर पळाले. आधी सगळे हसलेच. “आमची पोरगी गाडी चालवती का पेटी वाजवती?” काका म्हणाले, तेव्हा तर आत्याला हसू आवरेना. मग काकांनी मागचा बंपर बघितला आणि त्यांचं हसणं थांबलं.

“दादा, त्या दांड्यानं पोरीचा हात बिघडवला,” ते पप्पांना म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळे ऐकत होते. “आज चाळ होती. उद्या माणूस आसंल. लय झालं ते आता. काढून टाक. फुलं माझ्या टेम्पोत जातील.”

परत येताना आग्रा रोडवर पप्पाच चालवत होते. खांदा दुखत होता तरी. त्यांनी विचारलं, “हात दांड्याकडेच गेला का गं तुझा?”

“हं,” मी म्हणाले.

मला पुढे बोलायचं होतं. चूक माझी होती, दांड्याची नव्हती, एवढं तरी. पण ओझर येऊन गेलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. पप्पांनी त्या ‘हं’चा काय अर्थ लावला असेल, ते मी आता सांगू शकते. त्यांना वाटलं, सगळ्यांसमोर हिची मान खाली गेली ती माझ्या पायामुळे.

आठवडाभर घरात काकाच बोलत होते. आई म्हणाली, “खांदाही दुखतोय तुमचा, बघा.” पप्पा “बघू” म्हणायचे. मग एके दिवशी सकाळी म्हणाले, “चला, सातपूरला जाऊन येऊ.” मला वाटलं, सर्व्हिसिंगला.

आणि आता ते शेडमध्ये उभे होते. डावा हात टपावर टेकवून, सगळा भार डाव्या पायावर. आत पान्याचा आवाज येत होता. दांडा गेला की पप्पा या गाडीत फक्त शेजारच्या सीटवर बसू शकणार होते. बाजारातल्या लोकांना आमची फुलं टेम्पोतून येताना दिसली असती आणि पप्पा कुठे आहेत ते हळूहळू कुणी विचारलंही नसतं. हे सगळं त्यांनी गृहीत धरलं होतं, तरी “पोरीसाठी” म्हणत होते. पोरीला कुणी विचारलं नव्हतं. पण तिनेही कधी काही सांगितलं नव्हतं.

“पहिला नट आला,” गॅरेजवाला म्हणाला आणि तो बाहेर जमिनीवर ठेवला.

मी उठले. शेडमध्ये गेले आणि म्हणाले, “नो.” इतकं हळू की ते कुणालाच ऐकू गेलं नाही. काका मोबाईलवर बोलत होते. पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि समजूत घालावी तसे म्हणाले, “होईल गं लगेच. बस तू बाहेर, ऑईलचे डाग पडतील.”

पान्याचा आवाज परत सुरू झाला. मी गाडीचा दरवाजा धरला आणि गॅरेजवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, मराठीत म्हणाले, “दादा, थांबा. तो नट परत बसवा. पप्पा, पायाने चालवायचा सराव मी काकांच्या गाडीवर करेन, त्यांचा बंपरही मीच भरून देईन. पण ही गाडी तुमची आहे, आणि मला तुमच्यासारखीच चालवायला आवडते.”