एकच शीट राहिलंय

केजच्या स्टँडबाहेर तेलगावच्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. तिशीतला, मांडीवर लॅपटॉपची बॅग. मी मोबाईलवर फुगे फोडायचा गेम खेळत होतो आणि तो माझ्या अंगठ्याकडे, गुरांचा डॉक्टर म्हशीच्या तोंडात बघतो तसा बघत होता.

"आता हरताल काका. एका फुग्यानं."

मी हरलो. एकाच फुग्यानं.

"मीच केलाय हा गेम," तो म्हणाला.

मी धन्य झालो. माझ्या कित्येक दुपारी ज्यानं खाल्ल्या, तो महापुरुष चक्क मांडीला मांडी लावून बसला होता!

"मग तुम्ही तर दिवसभर खेळतच असाल?"

"न्हाई हो. पयले लई खेळायचो. आता कुठलाबी गेम उघडला की फसवायची जागाच दिसती." त्यानं जांभई दिली आणि बाहेर बोट दाखवलं. "ही कला तर मी या डायवरकडूनच शिकलो."

ड्रायव्हर तासाभरापासून ओरडत होता, "एकच शीट राहिलंय, निघालीच!" कुणी कंटाळून उतरायला लागलं की तो इंजिन सुरू करून गाडी चार हात पुढे घ्यायचा, आणि माणूस परत बसला की तेवढीच मागे आणायचा.

"आता झालंच, असं वाटत राहिलं पायजे," गेमवाला मला शिकवत होता. "मंग माणूस उठतच न्हाई."

तेवढ्यात जीप हलली. माझा गुरू बोलता बोलता थांबला. बॅग छातीशी धरून ताठ बसला, डोळे चमकले.

"निघाली वाटतं, काका!"

जीप चार हात पुढे गेली, थांबली आणि मागे आली.