खोडरबर सरांची शेवटची चूक

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांच्या खिशाला पेन कधीच नसायचं. तिथे खोडरबर असायचा. पांढरा, एका बाजूने झिजून होडीसारखा झालेला. सही करायची वेळ आली की ते समोरच्याचं पेन मागत आणि वर ऐकवत, "पेन कुणीही देतं. खोडरबर मागून बघा, दाढ उपटून मागितल्यासारखं तोंड करतात." मुलांनी त्यांचं नाव खोडरबर सर ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आमच्या मुख्याध्यापकांना मात्र पदव्यांसकट पूर्ण नाव लागे, त्यामुळे दोघांची मिळून शाळेची सरासरी बरी पडायची.

शाळा बिरवाडीची. अर्ध्या मुलांचे वडील औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारे, उरलेली मुलं शिवथरच्या बाजूने एसटीने येणारी. सर स्वतः पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. वर्गात ते अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण गणित रंगात आलं की वाडी जिभेवर यायची. "ह्यात अवघड काय हाय? काय पण नाय!" असं सर म्हणाले की मुलं ओळखायची, आता खरोखर अवघड येणार.

त्यांचा शुक्रवारचा एक नेम होता. त्या दिवशी ते फळ्यावर मुद्दाम एक चूक करत. कुठे, ते सांगत नसत. जो पकडेल त्याने उरलेला तास सरांच्या खुर्चीत बसायचं आणि सरांनी त्याच्या बाकावर. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. भिंतीपलीकडून "सर, उठा!" असा कल्ला आला की समजायचं, चूक सापडली. एका शुक्रवारी तपासणीचे साहेब नेमके तेव्हाच वर्गात शिरले. खुर्चीत पोरगा बसलेला. साहेबांनी दरडावून विचारलं, "शिक्षक कुठे आहेत?" शेवटच्या बाकावरून सर उभे राहिले आणि म्हणाले, "हजर, साहेब." त्या दिवशीच्या शेऱ्यात काय लिहिलं होतं ते मुख्याध्यापकांनी कुणाला दाखवलं नाही.

मग शाळा डिजिटल झाली. म्हणजे फाटकावर तसा फलक लागला. आमच्यातल्या एका तरुण शिक्षकाला 'तंत्रस्नेही' ठरवण्यात आलं, आणि तो शब्द त्याला इतका मानवला की पुढे आम्ही त्याला तेच म्हणू लागलो. पोरगा वाईट नव्हता. फक्त कशाचाही फोटो काढायचा. झाडं लावली, फोटो. खिचडी शिजली, फोटो. प्रश्नपत्रिका ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये करायची वेळ आली, तेव्हा त्याने समीकरणांचेही फोटोच काढून चिकटवले.

त्या वर्षीच्या सराव परीक्षेत एका समीकरणाचा माथा फोटोत कापला गेला. x वरचा दोनाचा घातच गेला. दहावीची मुलं वर्गसमीकरण म्हणून दिलेलं गणित दोन ओळींत सोडवून खिडकीबाहेर बघत बसली. सरांनी तंत्रस्नेहीला गाठलं.

"ते दुरुस्त कर."

"सर, तो फोटो आहे. त्यात काही करता येत नाही. नवीन काढावा लागेल."

"खोडता येत नाय?"

"नाही ना, सर."

"मग ते गणित नाय, शिलालेख हाय," सर म्हणाले, आणि खडू घेऊन वर्गावर्गात एकेक घात लिहीत फिरले.

दुसऱ्या दिवसापासून सर मधल्या सुट्टीत संगणकासमोर बसू लागले. डॉक्युमेंटमध्ये समीकरणाची वेगळी चौकट घालता येते, हे त्यांनी स्वतःच शोधलं. त्या चौकटीत डावीकडे झुकलेली तिरकी रेघ द्यायची, पुढे अपूर्णांकाचं इंग्रजी आखूड नाव, मग एक मोकळी जागा. पहिले तीन दिवस सर उजवीकडे झुकलेली रेघ दाबत होते आणि संगणकाला नावं ठेवत होते. चौथ्या दिवशी पडद्यावर एक आडवी रेघ उमटली, तिच्या वर एक रिकामी जागा, खाली एक. सरांनी टाळीच वाजवली. "मास्तर, हे बघा! मजला चढला!" मला गणितातलं काही कळत नाही, पण एवढ्या आनंदाने मजला चढवणारा माणूस मी बांधकामावरही पाहिला नव्हता.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सरांनी आयुष्यभर वह्यांत जमवलेली गणितं अशा चौकटींत भरायला घेतली. "माझ्यामागं जो येईल त्याला आकडे बदलता आले पायजेत," एवढाच त्यांचा हट्ट. प्रेझेंटेशनमध्ये ती चौकट मिळेना, तेव्हा तंत्रस्नेही खूश होऊन म्हणाला, "इथे फोटोच लागतो, सर." सरांनी आठवडाभर खटपट करून वरून जोडायचा एक छोटा प्रोग्राम शोधून बसवला. समीकरण निवडून पुन्हा उघडलं की आकडे परत हाताशी. तंत्रस्नेहीने त्याचाही फोटो काढला.

निवृत्ती जानेवारीअखेर आली. मुख्याध्यापकांनी निरोप समारंभ आणि 'डिजिटल गणितकोशाचे लोकार्पण' एकाच मांडवात उरकायचं ठरवलं. सकाळी सरांनी मला पाण्याच्या टाकीमागे ओढलं. एवढं गंभीर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर, प्रेझेंटेशनमध्ये एक चूक घालून ठेवलीय."

"आज? पाहुण्यांसमोर?"

"आजच. एवढी वर्षं पोरांना सांगत आलो, माझं पण तपासा. आज स्टेज हाय, साहेब हायत. आज कुणी तोंड उघडलं तर शिकवलं म्हणायचं. नाय उघडलं, तर मी नुसता फळा पुसला."

मांडवात सरांना झालर लावलेल्या खुर्चीत बसवलं होतं. मुख्याध्यापकांनी शाल घडी घालून हातावर घेतली होती आणि नारळ टेबलावर. त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "या कोशात एकही चूक नाही. मी जातीने तपासलेलं आहे." पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी मान डोलावली. पहिलं पान सरकलं. दुसरं सरकलं. तिसऱ्यावर वर्गसमीकरणाचं सूत्र होतं. समोर दीडशे मुलं हाताची घडी घालून बसली होती. कार्यक्रमात गप्प बसायचं हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. सर खुर्चीत पुढे सरकून एकेक चेहरा बघत होते. त्यांचा हात खिशातल्या खोडरबरावर होता.

मागून एक मुलगी उभी राहिली. शिवथरकडची अंकिता, दहावीतली, एरवी हजेरीलाही ऐकू न येणारी.

"सर, चुकलंय."

"खाली बस!" मुख्याध्यापक म्हणाले. "प्रश्नोत्तरं नाहीत आज."

"पण सर, वजा b बाहेर राहिलाय. भागाकाराची रेघ त्याच्या खालून पण जायला पायजे. इथं नुसती वर्गमुळाखाली हाय."

साहेब पडद्याकडे बघू लागले. बघता बघता त्यांची मान डोलायची थांबली. सर ताडकन उठले. "ये गो, वर ये! तूच कर."

ती आली, समीकरण उघडलं, वजा b उचलून रेघेवर नेला. पडद्यावर रेघ आपली आपण लांब झाली. मांडवात कुणीतरी पुटपुटलं, "सर, उठा," आणि मग दीडशे मुलांनी ते एका सुरात म्हटलं. सर उठलेलेच होते. त्यांनी अंकिताला झालरीच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली दहावीच्या मुलांत जाऊन मांडी घातली. मुख्याध्यापक शाल घेऊन पुढे आले, खुर्चीत मुलगी बघून थबकले, मागे वळले, पुन्हा पुढे आले. शेवटी शाल तिलाच मिळाली. पुढची पानं दाखवायची राहूनच गेली.

कार्यक्रमानंतर मी म्हटलं, "जिंकलात, सर."

सर अंगठ्याने खोडरबर चोळत होते. "जिंकलो कसला! ती चूक मी घातलेली नव्हती. माझी खरीच होती. वजा b आधी लिहिला आणि मग मजला चढवला. घातलेली पुढं हाय, सातव्या पानावर." मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. "पोरीनं माझी खरी पकडली, मास्तर!"

सर वाडीवर गेले. कोश, त्या प्रेझेंटेशनसकट, सगळ्या शिक्षकांना दुरुस्त करता येईल असाच उघडा ठेवून गेले. सातव्या पानाबद्दल मी कुणाला बोललो नाही. मला ती चूक दिसतही नव्हती. पावसाळा सरत आल्यावर एकदा त्यांचा फोन आला. वाडीत रेंज फक्त देवळाच्या पायरीवर मिळते, त्यामुळे मागे घंटा वाजत होती.

"सापडली, मास्तर!"

"कुणाला?"

"तंत्रस्नेहीला. आता गणिताचे तास त्याच्याकडंच हायत ना. मी उत्तर वजा चार ठेवलेलं, त्यानं अधिक चार केलं. नुसतं केलं नाय, बाजूला टीप लिहिलीय. वाचू?"

"वाचा."

"'सर, उठा.' मी उठलो, मास्तर. खुर्ची ओट्यावर आणून ठेवलीय. त्याला म्हणावं, रविवारी ये."

रविवारी तो गेला. तासभर त्या खुर्चीत बसला, आणि सर समोर जमिनीवर. फोटो काढला नाही, असं ऐकतो.