क्रेनवर चढण्यापुरतं वजन

भोपाळच्या कारखान्यात मी क्रेन चालवायचो. शेडच्या छताखाली केबिन आणि तिथे जायला उभी लोखंडी शिडी. टनावारी लोखंड माझ्या हातांवर हलायचं. त्या केबिनचा मला माज होता, कशाला खोटं बोलू!

टाउनशिपच्या दवाखान्यात दरवर्षी आमची मेडिकल व्हायची. एका वर्षी काटा शहाण्णववर गेला, बीपीही वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी शिडी चढायला मनाई केली आणि माझी रवानगी खाली स्टोअरमध्ये झाली. रडायचाच बाकी होतो. आठ महिन्यांत बावीस किलो उतरवले आणि केबिन परत मिळवली.

वाटलं, जिंकलो. इथेच गाढवपणा झाला. आम्हा क्रेनवाल्यांची रीतच होती: मेडिकलच्या आधी महिनाभर सगळे काकडी-ताकावर, आणि 'फिट'चा शेरा मिळाला की दवाखान्यातून थेट पोहे-जलेबीच्या ठेल्यावर. मग वर्षभर ये रे माझ्या मागल्या. मीही त्यात सामील. दोन वर्षं निभावलं. तिसऱ्या वर्षी महिनाभर उपाशी राहूनही काटा नव्वदच्या खाली येईना. बाईंनी पुन्हा खाली बसवलं. मी हुज्जत घातली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मेडिकल एक दिन की है, सीढ़ी तो रोज़ की है।"

घरी येऊन राग बायकोवर काढला. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला वाढणंच बंद केलं. हाताने घ्या, म्हणजे किती घेतलं ते कळेल, म्हणाली. वर्षभरात मी परत केबिनमध्ये होतो.

पुढची सतरा वर्षं सांगण्यासारखी नाहीतच. रोज त्याच दोन पोळ्या, पहाटेचं तेच चालणं, लग्नाच्या पंगतीत तोच आग्रह. तब्येत बरी नाही का, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं सोडून दिलं. दिवाळीत दोन किलो चढायचे, ते संक्रांतीच्या आत उतरवायचो. मेली भूक काही शहाणी झाली नाही. अजूनही गरम जलेबी पाहिली की जीव तुटतो.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी हार घालून मला खुर्चीत बसवलं. मी हार काढला आणि शिडी चढलो. वर पोचल्यावर छातीवर हात ठेवून पाहिलं. धाप नाही, काही नाही! एकटाच मोठ्याने हसलो.

दुसऱ्या दिवशी ना शिडी होती, ना मेडिकल. पहाटे उठलो, बूट घातले आणि चालायला निघालो.