व्याख्या बदलली तेव्हाचे साळवे सर

साळवे सरांची आणि माझी पहिली भेट बोरीच्या शाळेत झाली. मी नवखा गणितशिक्षक म्हणून रुजू झालो होतो. सरांनी माझी पेटी उचलून स्वतःच्या खोलीवर नेली आणि महिनाभर मला जेवू घातले. त्या खोलीत एरवी सरांशिवाय कोणीच राहत नव्हते.

त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात बाकीचे त्यांच्या शिस्तीबद्दल लिहितीलच. मी एका व्याख्येबद्दल लिहितो.

जुन्या पुस्तकांत होते, 'एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या.' त्या हिशेबाने १ सुद्धा मूळ ठरे, आणि सर वर्षानुवर्षे तसेच शिकवत आले. मग नवे पुस्तक आले. त्यात, जिला नेमके दोनच विभाजक आहेत ती मूळ. १ ला विभाजक एकच, म्हणून तो बाहेर.

आठ दिवस सर त्या पुस्तकाशी भांडले. नवव्या दिवशी मला म्हणाले, "पुस्तकाचंच बरोबर हाय. सहाचे मूळ अवयव दोन आणि तीन. त्यात १ घेतला तर तो कितीदा बी लिहा, गुणाकार सहाच. मग मांडणी एकच राहत न्हाई." फार प्राचीन काळी काही लोक १ ला संख्याच मानत नसत, पुढे कित्येक गणितींनी त्याला मूळ संख्यांत घेतले आणि नंतर पुन्हा काढले, हेही त्यांनी शोधून सांगितले.

"म्हणजे तुमची चूक नव्हती, व्याख्याच बदलली," मी म्हणालो.

"बदलली, पण पोरांना कोण सांगणार?"

तेव्हापासून दर रविवारी सर एस.टी.ने जुन्या विद्यार्थ्यांच्या गावी जाऊ लागले. पेडगावला कापूस वेचणारा एक विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, एक मूळ असला काय अन् नसला काय, कापसाला काय फरक पडायलाय?"

"कापसाला न्हाई पडत. पण मी तुला सांगितलं होतं ना," सर म्हणाले.

गावोगाव हसे झाले. शिक्षकच 'मी चुकीचे शिकवले' म्हणत फिरू लागला तर शाळेवर कोण भरवसा ठेवील, असे म्हणत मुख्याध्यापकांनी त्यांचे वरचे वर्ग काढून मला दिले. मी ते घेतले. शिक्षकांच्या खोलीत सरांशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, आणि मीही तिच्यावर बसलो नाही. एकदा त्यांनी विचारले, "येता का सोनपेठला? रस्त्यानं बोलत जाऊ." मी डोकेदुखीचे निमित्त सांगितले. सर एकटेच गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही, आणि माझ्याशी बोलणे मात्र पूर्वीइतकेच प्रेमळ ठेवले. तेच मला जास्त लागले.

सरांनी आपली चूक दारोदार जाऊन सांगितली. माझी सांगायला मात्र हा गौरवग्रंथ निघावा लागला.

सर, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो. पण एकट्या माणसासाठी लांब आयुष्य मागताना जीभ अडखळते. म्हणून येत्या रविवारी मी आपल्या खोलीवर येतो आहे. जी गावे राहिली असतील, तिथे दोघे जाऊ.