'समादियामि' एकवचनी आहे

ढेकूण माझ्या भावाच्या घरातून आले. त्यांच्यावरची करुणाही त्याच्याच घरातून आली.

भाऊ नरडाण्याला कंपनीत आहे. आई चार वर्षं त्याच्याकडे होती. मार्चमध्ये त्याने तिला जळगावला माझ्याकडे आणून सोडलं, सोबत तिचा निवारीचा जुना पलंग. त्या पट्टीच्या प्रत्येक विणीत ढेकणांची वस्ती आहे, हे मला आठवड्याने कळलं. तोवर आईच्या पोटऱ्यांवर ओळीने गांधी उठल्या होत्या. आईला साखर आहे. खाजवून खाजवून तिने डाव्या पोटरीला जखम केली आणि ती भरेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आधी पलंगाचा इलाज करा. हा साखरेचा पाय आहे. असाच चिघळत गेला तर उद्या तो कापायचं बोलावं लागेल."

मी त्याच दिवशी औषध आणलं. आईने ते उघडू दिलं नाही. कारण भाऊ नुकताच दहा दिवसांचं, मौन पाळायचं ध्यानाचं शिबिर करून आला होता आणि त्याने फोनवर बजावलं होतं, एकही जीव मारायचा नाही.

"दहा दिन मुका राहीसन उना तो," आई म्हणाली. "त्यानं पुण्य वाया जाई."

"आणि तुझा पाय?"

"भाऊ सांगस, खाज उनी का नुसती देखानी. खाजाडानी नही."

खाज नुसती बघायची! मी डोक्याला हात लावला. स्वतःच्या खाजेकडे बघायला त्याला दहा दिवस पंख्याखाली गादी मिळाली होती. आईला न भरणारी जखम मिळाली.

आम्ही बौद्धच आहोत. एरंडोलजवळच्या आमच्या खेड्यात दर पौर्णिमेला वंदना व्हायची, जीव न मारण्याचं शील मी लहानपणापासून म्हणत आले. आणि त्याच खेड्यात दर उन्हाळ्यात आई खाट उलटी करून सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. शील होतं, उकळतं पाणीही होतं. दोघांचं भांडण कधी झालं नाही. ते भाऊने लावलं.

रविवारी तो आला. हातात रंगाचा मऊ ब्रश आणि झाकणाची बरणी. पलंग गच्चीवर नेला, आईला सावलीत खुर्चीवर बसवलं आणि हा निवारीतून एकेक ढेकूण ब्रशने अलगद बरणीत घेऊ लागला. चेहऱ्यावर ते शिबिरातलं हसू. तासाभरात चाळीसेक झाले असतील. मग जिना उतरून त्याने बरणी कंपाउंडच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या रिकाम्या पोत्यांवर झटकली. मी वरून बघत होते.

"भाऊ, ते तिथून परत येतील. नाही आले तर शेजाऱ्यांना खातील. त्यांच्या घरात माणसं नाहीत का?"

"मी मुक्त केले. पुढचं त्यांचं कर्म."

"कोणाचं? ढेकणांचं की शेजाऱ्यांचं?"

"तुझ्यात द्वेष फार आहे, बाई. रोज शील म्हणते ना तू? बठ्ठा समाज एकसाथ म्हणतो. आपण सगळ्यांनी घेतलंय ते. समादि आमी."

तो खरंच तसं म्हणाला, 'आमी'. आमच्या गावात सगळेच तसं म्हणतात. शीलाची प्रत्येक ओळ ज्या पाली शब्दावर संपते, त्या 'समादियामि'चा शेवट आमच्या कानाला 'आमी' ऐकू येतो, आणि आमी म्हणजे आम्ही, सगळे. मीही अठरा वर्षं तेच म्हणत होते. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.ए.ला पाली घेतली, तेव्हा पहिल्या महिन्यात चूक कळली आणि वर्गात मान खाली गेली. पुन्हा ती चूक केली नाही.

"आमी नाही ते," मी म्हटलं. "यामि. उत्तमपुरुष, एकवचन. मी घेतो. एकटा मी. तू तुझ्यापुरतं घेतलंस. आईच्या वतीने घ्यायचं रूपच नाही त्यात."

भाऊचं हसू गेलं. शिबिरातली भाषाही गेली.

"तू माले शिकाडस? चार बुकं वाचीसन?"

"हो. त्या चार बुकांसाठी आईने दुसऱ्यांच्या शेतात निंदणी केली. तिच्या पायावर मी तुला पुण्य कमवू देणार नाही."

"अरे, भांडू नका रे," आई खुर्चीतून म्हणाली. पोटरीची पट्टी तिने पदराने झाकून घेतली होती. त्याला दिसू नये म्हणून. ते बघून माझं उरलंसुरलं भान गेलं. मी पदर ओढला, पट्टी सोडली आणि भाऊला म्हटलं, "आता बघ. नुसतं बघायचं असतं ना? बघ."

त्याने मान फिरवली.

पलंग वर चढवायला आलेला माझा नवरा मध्ये पडला नाही. बहीण-भावांचं आहे, एवढंच म्हणाला आणि खाली जाऊन दोन पातेली पाणी चढवलं. मी निवार कापून काढली, गोळा करून गच्चीच्या कोपऱ्यात जाळली. चौकटीच्या प्रत्येक सांध्यात उकळतं पाणी ओतलं. ढेकूण वर यायचे आणि तिथेच मरून पडायचे. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं कोणी म्हणेल, तर त्याने आधी आईची पोटरी धुऊन दाखवावी.

भाऊ जेवला नाही. जाताना आईच्या पाया पडला, माझ्याकडे बघितलं नाही. आई रडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवलं की खायची, पाय पुढे केला की पट्टी बांधू द्यायची, तोंड भिंतीकडे. मीही बोलले नाही. माझं चुकलं असतं तर बोलले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी ती उठली नाही. एरवी पाचला उठून बसणारी बाई. मी घाबरून आत गेले. निवारीच्या जागी टाकलेल्या नव्या फळीवर ती कुशीवर झोपली होती, तोंड उघडं, हात गालाखाली. घोरत होती. कुकर शिट्टीला आला होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला.