बंदरातून न निघालेली बोट

त्या गेमचा राग मला अजून येतो. वीसेक वर्षं होऊन गेली, गेम कधीच बंद पडला, तो काढणारी कंपनीही बहुतेक गुंडाळली गेली असेल. पण कुणी "चल, ऑनलाइन खेळूया" म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडतेच.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमच्या शेजारच्या खोलीत माझा मित्र राहायचा. बाबा मोरिवलीला एका कारखान्यात होते आणि तिथल्या ऑफिसातून बाद झालेला कॉम्प्युटर आमच्या घरी आला होता. त्यावर आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचो. डावीकडची अक्षरं माझी, उजवीकडचे बाण त्याचे. कोपराला कोपर लागायचं, त्यावरून भांडणं व्हायची आणि आई वैतागून दोघांनाही दळण आणायला पिटाळायची. आम्ही कॉलेजात गेलो त्या वर्षी त्याच्या घरच्यांनी बदलापूरला, खरवईत, फ्लॅट घेतला. नव्या घरात त्याला त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर मिळणार होता. सामानाचा टेम्पो निघताना तो मला म्हणाला, की काही झालं तरी रविवारचा खेळ सोडायचा नाही. मी हो म्हणालो. तो कसा चालू ठेवायचा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग एका कॉम्प्युटरच्या मासिकात त्या गेमबद्दल छापून आलं. समुद्रावरच्या लढाया. एका बोटीवर दोन माणसं: एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने तोफा डागायच्या. दोघं दोन गावांत असली तरी चालेल, इंटरनेटवरून एकाच बोटीत बसता येईल. एकट्याची बोट मात्र बंदरातून निघणारच नाही, असंही लिहिलं होतं. गेम बनवणाऱ्याने आमच्या खिडकीतून डोकावून पाहिलं असावं असंच मला वाटलं. ते पान मी कापून ठेवलं. मित्राला फोन करून वाचून दाखवलं, तर त्याने ते आधीच वाचलेलं होतं आणि सुकाणू आपलं असं जाहीरही करून टाकलं. गेम बाजारात यायला अजून बरेच महिने होते. ते सगळे महिने आम्ही फोनवर तोफा आणि शिडं यांवरच बोलत काढले.

शेवटी गेम आला आणि लगेचच कॅम्प चारमधल्या आमच्या नेहमीच्या सीडीवाल्याकडे पोचलाही. खोक्यातली ओरिजिनल सीडी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती, पाहायची गरजही पडली नव्हती. आमच्याकडे डुप्लिकेट माल घ्यायची एक रीत होती. पँट असो की घड्याळ, दोन घेतल्या तर दोन्ही सारख्या आहेत ना, एवढंच नीट बघून घ्यायचं. मित्र मुद्दाम बदलापूरहून आला होता. आम्ही दोन सीडी उजेडात धरून उलटसुलट पाहिल्या. एक चांगली निघायची आणि दुसरी बाद, अशी त्याला धास्ती होती. त्याने तीन-तीनदा विचारल्यावर दुकानदार कावला.

"दोनों एकदम सेम है," तो म्हणाला. "फर्क निकला तो वापस ले आना."

दोन्ही पाकिटांवर मार्करने एक लांबलचक नंबर लिहिलेला होता. गेम चालू करताना तो टाकावा लागायचा. त्यात काही नवीन नव्हतं, प्रत्येक गेमला तसा नंबर असायचाच. आम्ही एकेक पाकीट घेतलं आणि रविवारी सकाळी चहा-नाश्ता झाला की बंदरात भेटायचं ठरवून मोकळे झालो.

त्या रविवारी मी आंघोळ करून, केस विंचरून बसलो होतो, कुणी बघायला येणार असल्यासारखा. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या लाइनवरूनच यायचं आणि ते चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज लागायचा. खरखर झाली, किर्र झालं, लाइन जोडली गेली. समुद्र उगवायला इतका वेळ लागला की आईची भाजी निवडून झाली. मासिकात निळाशार दिसणारा समुद्र आमच्या पडद्यावर भांडी धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा होता. बंदर मात्र होतं. बोट होती. बोटीवर माझा माणूस तोफेपाशी उभा होता आणि शेजारी पाटी होती, की साथीदार अजून आलेला नाही. मित्राचं नाव यादीत करड्या रंगात होतं, म्हणजे तो गेममध्ये नव्हता.

मी वाट पाहिली. थोड्या वेळाने गेमने मला बाहेर काढलं. तुमचा नंबर दुसरीकडे वापरला जातोय, असं कारण दिलं. कुणी परदेशातल्या चोराने तो उचलला असणार, असं मी धरलं आणि त्याला दोन शिव्या घातल्या. इंटरनेट बंद करून मित्राला फोन लावला, तर एंगेज. पुन्हा आत गेलो. पुन्हा अख्खा नंबर टाका. त्याचं नाव करडंच. पुन्हा बाहेर. पुन्हा फोन, पुन्हा एंगेज. दुपारी जेवायला बसलो तेव्हाही माझं डोकं तापलेलंच होतं.

पुढचा रविवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. नंबर मला पाढ्यासारखा पाठ झाला. आई म्हणायची, "दोन स्टेशनं तर आहेत. उठून जा की त्याच्याकडे." तिला काय सांगणार? जाऊन भेटणं वेगळं आणि बोटीतून निघणं वेगळं, असं काहीतरी मी पुटपुटायचो. खरी गोष्ट वेगळी होती. त्याचा फोन एंगेज म्हणजे तो इंटरनेटवर आहे. माझ्या यादीत नाव करडं म्हणजे तो माझ्याकडे येत नाहीये. मग तो आहे कुठे? बदलापुरात त्याला नवे मित्र मिळाले असणार, आणि दुसरं नाव घेऊन तो त्यांच्या बोटीवर सुकाणू धरत असणार. हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त अपमान वाटला. आता त्यानेच फोन करावा, म्हणून मधल्या दिवसांत मीही लावला नाही.

एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. सकाळभर तुझी वाट बघत बसलो होतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मीही बसलो होतो. दोघांनाही दुसरा खोटं बोलतोय याची खात्री होती. आवाज चढले. कुणी आधी फोन आपटला ते आता आठवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा तेच झाल्यावर मी बाबांची स्कूटर काढली आणि अंबरनाथवरून थेट खरवई गाठली. काय काय सुनवायचं ते रस्त्यात जुळवत होतो. दार त्यानेच उघडलं. आत कॉम्प्युटर चालू होता. तेच मळकट पाणी, तेच बंदर. त्याचा माणूस सुकाणू धरून एकटाच उभा होता आणि शेजारी साथीदार अजून आलेला नसल्याची पाटी. यादीत माझं नाव करडं.

"फोन का एंगेज ठेवतोस रे सारखा?" मी काही म्हणायच्या आत त्यानेच विचारलं. "लावून लावून बोट दुखलं माझं."

तेवढ्यात टेबलावरचं सीडीचं पाकीट दिसलं. त्यावरचा नंबर मी वाचायला घेतला आणि निम्म्यावर मान वर करून पुढचा न बघताच म्हटला. शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर.

"हा माझा नंबर आहे," मी म्हणालो.

"तुझा कसा? माझ्या पाकिटावर आहे ना."

मग दोघांच्याही लक्षात आलं. गेमला एका नंबरावर एकच माणूस चालत होता. मी आत गेलो की तो बाहेर फेकला जायचा आणि मला फोन लावायचा, तेव्हा माझी लाइन एंगेज. मग तो आत शिरायचा, मी बाहेर पडायचो, मी फोन लावायचो, त्याची लाइन एंगेज. परदेशातला चोर दोन स्टेशनांवर बसलेला होता. दुकानदाराने आम्हाला अजिबात फसवलं नव्हतं. दोन्ही सीडी एकदम सेम होत्या.

मित्र हसत सुटला. मला हसू येईना. खुर्ची ओढून मी त्याच्या शेजारी बसलो. सवयीने माझा हात डावीकडच्या अक्षरांवर गेला, त्याचा बाणांवर. कोपराला कोपर लागलं. तो बाण दाबायचा तेव्हा बोट जागच्या जागी जराशी वळायची आणि थांबायची. साथीदार अजून आलेला नाही, असं पडदा सांगत राहिला. थोड्या वेळाने गेमने आम्हाला बाहेर काढलं. तुमचा नंबर दुसरीकडे वापरला जातोय.

"आता हा कोण?" मित्र म्हणाला.

कॅम्पातलाच कुणीतरी असणार. त्यालाही फरक न निघालेली सीडी मिळाली असणार.

त्याच्या आईने जेवायला बसवलं. भांडण तिथेच मिटलं, निघताना पुढच्या रविवारी बोलायचं ठरलं. गेम दोघांनीही कॉम्प्युटरवरून काढून टाकला. भांडण होतं तोवर मी दर रविवारी सकाळभर त्याचा फोन फिरवत होतो आणि तो माझा. ते मिटल्यावरच्या रविवारी मी लावला नाही. तो लावेल असं वाटलं. तोही बहुधा तसाच बसला असेल. त्याच्या पुढच्या रविवारी मला काहीतरी काम निघालं. आमचा फोन दिवसभर मोकळा होता, आणि त्याचाही असणार.